बाबांच्या नावाचं शेवटचं रिटर्न

'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे २०२५ च्या फेब्रुवारीतल्या बजेटचं वाक्य आपल्याकडे पार भाजीमंडईपर्यंत पोहोचलं. पोहोचणारच. पण त्या वाक्याचा एक विचित्र परिणाम मी आमच्या ऑफिसात बसून बघते आहे. घरातला पेन्शनर माणूस गेला की निम्मी घरं म्हणतात, आता कसला टॅक्स अन् कसलं रिटर्न, फाईल बांधून ठेवा माळ्यावर. आणि उरलेल्या निम्म्या घरांत नेमकं उलटं. ग्रॅच्युइटीचे, पीएफचे पैसे आले की कुणीतरी शहाणा नातेवाईक सांगतो, एवढी रक्कम खात्यात पडली म्हणजे तीस टक्के सरकार घेणार. मग आई घाबरते, मुलगी घाबरते, आणि जो कागद समोर येईल त्यावर सही होते.

मैत्रिणींनो, दोन्ही समजुती चूक आहेत. आणि दोन्हींची किंमत बहुतेक वेळा घरातली बाईच मोजते.

मी गेली बरीच वर्षं सोलापुरात एका कर सल्लागारांकडे काम करते. आपलं शहर पेन्शनरांचं. रेल्वेचं विभागीय कार्यालय इथं, जिल्हा परिषदेचे शिक्षक गावोगाव, महापालिका, एसटी, पोलीस. शिवाय विडी वळणाऱ्या हजारो बाया, ज्यांचा पीएफ कापला जातो आणि ज्यांना म्हातारपणी पीएफची पेन्शन मिळते. त्यामुळे 'वडील गेले, आता पुढं काय करायचं' हा प्रश्न घेऊन बाया आमच्याकडे येतातच. तेरावा झाल्यावर येतात, काही जणी वर्षश्राद्ध झाल्यावर. नंतरच्या जास्त.

आधी भीतीचं बघू, कारण त्या भीतीपोटी होणारं नुकसान मोठं असतं.

आपल्या देशात वारसा कर नाही. पूर्वी होता, 'इस्टेट ड्यूटी' नावाचा, १९५३ च्या कायद्यानं आलेला. तो १९८५ साली रद्द झाला. त्यानंतर आईवडिलांकडून वारशानं आलेली रक्कम, दागिना, घर, ठेव यावर ते मिळालं म्हणून आयकर लागत नाही. पन्नास हजार मिळाले तरी नाही आणि पन्नास लाख मिळाले तरी नाही. सरकारी नोकर सेवेत असताना वारला तर कुटुंबाला मिळणारी ग्रॅच्युइटी, म्हणजे सरकारी भाषेत मृत्यू उपदान, करमुक्त. भविष्य निर्वाह निधीची रक्कम करमुक्त. शिल्लक रजेचा पगार वारसांना मिळतो, तोही वारसांच्या हातात करपात्र नाही. हे तर आयकर खात्यानं १९६५ सालीच स्पष्ट केलेलं आहे. एनपीएसमध्ये असलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर नॉमिनीला जी रक्कम मिळते तिच्यावरही कर नाही.

मग ही तीस टक्क्यांची बातमी येते कुठून? बऱ्याचदा अज्ञानातून. पण कधीकधी, स्पष्टच बोलते, हिशेबानं. 'ताई, तुझ्या नावावर हिस्सा आला तर तुला टॅक्स बसेल, जावईबापूंना नोटीस येईल, त्यापेक्षा तू हक्कसोड करून दे, मी बघतो सगळं.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरची बाई 'टॅक्स बसेल' म्हणाली की पुढचं मीच बोलते. भावाला प्रेमानं हिस्सा सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा प्रश्न. माहेर टिकवायचं असतं, मला कळतं. पण टॅक्सच्या भीतीनं सोडू नका, कारण तो टॅक्स अस्तित्वातच नाही. हिंदू वारसा कायद्यात मुलगी, लग्न झालेली असो की नसो, वडिलांची आणि आईची पहिल्या वर्गातली वारस आहे, मुलाच्या बरोबरीनं. आणि नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे एवढ्यावरून सगळं त्याचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये विम्याच्या पैशाबाबत आणि २०२३ मध्ये शेअर्सबाबत हेच सांगितलं, की नॉमिनीनं रक्कम ताब्यात घ्यायची ती वारसांसाठी.

फॅमिली पेन्शनचं मात्र वेगळं. ती वाटणीत येत नाही. मृत्युपत्रानं दुसऱ्याला देताही येत नाही. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याच्या भावानं मृत्युपत्र पुढं करून तसा दावा केला होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फॅमिली पेन्शन ही मृताची मालमत्ताच नव्हे, नियमानं जो पात्र त्याचीच ती. तेव्हा आईच्या पेन्शनवर दुसऱ्या कुणी हिस्सा सांगत असेल तर हा निकाल लक्षात ठेवा.

आता दुसरी समजूत, की काहीच करायचं नाही.

माणूस गेला तरी त्या वर्षीचं त्याचं उत्पन्न त्याचंच असतं. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, माणूस काही मार्चअखेर बघून जात नाही. त्यामुळे ज्या वर्षी मृत्यू झाला त्या वर्षाचे दोन तुकडे पडतात. मृत्यूच्या तारखेपर्यंतची पेन्शन, व्याज, भाडं हे बाबांच्या पॅनवर. त्यानंतरचं ज्याला मिळालं त्याच्या पॅनवर.

उदाहरण घेऊ. समजा बाबा १२ ऑगस्ट २०२४ ला गेले. महागाई भत्ता धरून पेन्शन महिना ६० हजार. एप्रिल ते जुलै २ लाख ४० हजार आणि ऑगस्टच्या बारा दिवसांचे साधारण २३ हजार, म्हणजे २ लाख ६३ हजार. यातून पेन्शनरांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाते. वर्ष अर्धवट असलं तरी वजावट पूर्ण मिळते, हे पुष्कळांना माहीत नसतं. उरले १ लाख ८८ हजार. बँकेत २० लाखांची ठेव सात टक्क्यांनी असेल तर तोपर्यंतचं व्याज ५१ हजारांच्या आसपास. एकूण २ लाख ४० हजारांच्या घरात. त्या वर्षीच्या नव्या पद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे बाबांचा कर शून्य.

'झालं तर मग!' असं म्हणू नका. खरी गंमत पुढं आहे. बँकेला बाबा गेल्याचं कुणी कळवलं नाही. ठेवीचं व्याज वर्षभर त्यांच्याच नावावर पडत राहिलं आणि दहा टक्क्यांनी १४ हजार रुपये टीडीएस कापून त्यांच्या पॅनवर जमा झाला. एप्रिलमध्ये त्यांनी १५ एच फॉर्म भरून दिला असता तर? तरी तो त्यांच्या हयातीपुरताच, नंतरच्या व्याजाला लागू नाही. हे कापलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. बाबांच्या नावानं रिटर्न भरलं तरच त्यांच्या वाट्याचा रिफंड येतो. आणि मृत्यूनंतरचं व्याज आईचं असल्यामुळे त्यावरचा टीडीएस तिच्या नावावर वळवून घेण्याची खटपट निराळी. बँकेला मृत्यूचा दाखला आठवड्याभरात दिला असता तर ही खटपट वाचली असती. पण सुतकात बँकेत कोण जाणार? आणि गेलं की खातं गोठवतील अशी धास्ती, म्हणून मुद्दामच कळवत नाहीत.

ते तर अजिबात करू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच पेन्शन आपली. दुसऱ्या दिवसापासून आईची फॅमिली पेन्शन सुरू होते आणि ती साधारणपणे कमी असते. नेहमीच्या दरानं शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, जिथं पेन्शन ५० टक्के असते. बाबांच्या दरानं जास्तीचे महिने जमा झाले आणि एटीएममधून काढून खर्च झाले की ते सगळे आईच्या पेन्शनमधून वसूल होतात. माझ्या ओळखीतल्या एका काकूंकडून पाच महिन्यांचे फरकाचे पैसे हप्त्यानं कापले गेले. पैसे मुलानं काढले होते. कापले काकूंच्या पेन्शनमधून.

आता आईचं बघू. वरच्याच उदाहरणात तिला फॅमिली पेन्शन महिना ३६ हजार. पुढच्या पूर्ण वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, ४ लाख ३२ हजार झाले. त्यातून फॅमिली पेन्शनची २५ हजारांची वजावट जाऊन ४ लाख ७ हजार. ठेवीचं १ लाख ४० हजार व्याज मिळवा. झाले ५ लाख ४७ हजार. कर किती? बारा लाखांच्या सवलतीमुळे शून्य. पण रिटर्न? भरावंच लागतं! कारण त्या वर्षी मूळ करमुक्त मर्यादा ४ लाखांची होती, आणि ती ओलांडली की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणं बंधनकारक. बारा लाखांच्या जाहिरातीत ही बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. त्यातून फॅमिली पेन्शन हा पगार धरला जात नाही, 'इतर स्रोतांचं उत्पन्न' धरला जातो. त्यामुळे बँक त्यावर पगारासारखा टीडीएस कापत नाही. बाबांच्या वेळी बँकच कापून घ्यायची, फॉर्म १६ घरी यायचा, म्हणून आईला वाटतं सगळं आपोआपच होतं. जी स्वतः शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे, तिची स्वतःची पेन्शन, वर नवऱ्याची फॅमिली पेन्शन आणि ठेवींचं व्याज अशी बेरीज झाली तर कर खरोखरच निघू शकतो आणि तो तिला स्वतःहून भरायचा असतो.

इथं मला सरकारशी थोडं भांडायचं आहे. नवरा जिवंत असतो तेव्हा त्याच्या पेन्शनमधून प्रमाणित वजावट मिळते. २०१८ च्या बजेटात ती ४० हजार झाली, २०१९ मध्ये ५० हजार, २०२४ मध्ये नव्या पद्धतीत ७५ हजार. त्याच्या माघारी त्याच नोकरीची पेन्शन बायकोला मिळायला लागली की वजावट किती? पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा १५ हजार, जे कमी असेल ते. वर्षानुवर्षं एवढंच. २०२० मध्ये नवी करपद्धत आली तेव्हा तीत तर हेही नव्हतं. २०२३-२४ पासून ते दिलं आणि २०२४ च्या बजेटात नव्या पद्धतीपुरते २५ हजार केले. पेन्शन कमी, वजावटही कमी. विधवेचा खर्च नवऱ्यापेक्षा कमी असतो असं कुणी मोजलंय का? औषधं तीच, वीजबिल तेच. आता बारा लाखांच्या सवलतीमुळे बहुतेकींना याची झळ बसत नाही हे खरं. पण झळ बसत नाही म्हणून फरक न्याय्य ठरत नाही.

विडी कामगार आणि गिरणी कामगारांच्या घरातला प्रश्न निराळा, तिथं कराचा प्रश्नच सहसा येत नाही. पीएफच्या योजनेत २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन महिना एक हजार आहे, विधवेचीही. हजार रुपयांवर कसला कर! तिथं नुकसान होतं ते दावाच न केल्यानं. आई विडी वळता वळता गेली, तिचा पीएफ कार्यालयात पडून आहे, हे मुलींना ठाऊकच नसतं. पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १० डी, आणि सेवेत असताना मृत्यू झाला असेल तर विम्यासाठी ५ आयएफ, असे तीन वेगळे अर्ज आहेत. पहिला भरून बाकीचे दोन राहून जातात. विमा कामगाराच्या पगारातून कापत नाहीत, मालक भरतो, म्हणून तो असतो हेच माहीत नसतं. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन तिन्हींबद्दल विचारा.

राज्य सरकारच्या नोकरीत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एवढंच पुष्कळ घरांना माहीत आहे. पण २०२३ च्या मार्चमधल्या संपानंतर ३१ मार्चला शासन निर्णय झाला, की असा कर्मचारी सेवेत असताना वारला तर कुटुंबाला फॅमिली पेन्शन आणि मृत्यू उपदान मिळेल. तरुण विधवांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि याची माहिती ऑफिसातून स्वतःहून मिळेल याची वाट बघू नका.

थकबाकीचाही एक घोळ असतो. राज्यात सातवा वेतन आयोग २०१९ च्या जानेवारीत लागू झाला तो २०१६ पासूनच्या फरकासह, आणि फरक पाच हप्त्यांत देण्याचं ठरलं. मध्ये कोरोना आला, हप्ते लांबले. तेवढ्यात कितीतरी पेन्शनर गेले. फरकाची रक्कम वारसांना मिळते, पण मागावी लागते. आईच्या फॅमिली पेन्शनचा जुना फरक एकाच वर्षात आला आणि त्यानं कर वाढला, तर तो ज्या त्या वर्षात वाटून हिशेब करण्याची सोय आहे. १९६१ च्या कायद्यात ती कलम ८९ खाली होती आणि रिटर्नच्या आधी १० ई फॉर्म ऑनलाइन भरावा लागे. केंद्रानं आठवा वेतन आयोगही नेमला आहे, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष. म्हणजे फरकाचे हप्ते पुन्हा येणार, हिशेब पुन्हा लागणार.

मेलेल्या माणसाचं रिटर्न भरतात कसं, असं एकीनं अगदी कानात विचारलं होतं, जणू काही अशुभ गोष्ट. बाबांच्या जुन्या पासवर्डनं लॉगिन करून त्यांच्याच नावानं भरून टाकायचं, असं करू नका. आयकराच्या पोर्टलवर वारसानं स्वतःच्या पॅननं लॉगिन करून 'कायदेशीर प्रतिनिधी' म्हणून नोंदणी करायची असते. मृत्यूचा दाखला, बाबांचं पॅन, तुमचं पॅन, वारस असल्याचा पुरावा आणि नोटरी केलेलं हमीपत्र लागतं. वारसाच्या पुराव्यासाठी दर वेळी कोर्टाचीच पायरी चढावी लागत नाही. सरकारी फॅमिली पेन्शनचं प्रमाणपत्र चालतं, महसूल अधिकाऱ्यानं दिलेला वारस दाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं. खात्यानं नोंदणी मंजूर केली की त्यांच्या नावानं रिटर्न भरायचं, रिफंड वारसाच्या खात्यात येतो. मुदत चुकली तरी योग्य कारण देऊन उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. २०२४ च्या परिपत्रकानं त्याला कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा घातली आहे.

आणि बाबांचा काही कर खरोखरच थकलेला निघाला तर? तो वारसानं द्यायचा, पण त्यांच्या मागं राहिलेल्या मालमत्तेतून, तेवढ्याच मर्यादेत. तुमच्या पगारातून नाही, मंगळसूत्रातून नाही. फक्त नोटीस आलेली माहीत असताना सगळं वाटून, विकून मोकळं होऊ नका. मग जबाबदारी अंगावर येते. मेलेल्या माणसाच्या नावानं नव्यानं काढलेली नोटीस टिकत नाही, असं उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, पण ती फाडून टाकणं हा उपाय नव्हे. मृत्यूचा दाखला जोडून लेखी कळवा.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा आला, त्याची अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. कलमांचे आकडे बदलले, फॉर्मचे नंबर बदलले. मृत्यू आधीच्या वर्षातला असेल तर त्या वर्षाचा हिशेब जुन्याच कायद्यानं होतो, म्हणून कुणी 'आता ते कलमच राहिलं नाही' असं सांगून परत पाठवलं तर ऐकू नका.

एक बारकावा सांगायचा राहिला, तो ऐकून आमच्या ऑफिसातल्या बाया हसतात. आईनं आलेल्या पैशातून पाच लाख मुलीला दिले तर त्याचं व्याज मुलीचं उत्पन्न. तेच पाच लाख सुनेला दिले तर व्याज धरायचं आईच्या, म्हणजे सासूच्या उत्पन्नात! कायदा करणाऱ्यांनी सासू-सुनेचा विचार कुठल्या हेतूनं केला असेल तो असो, रिटर्न भरताना मात्र ठेव कुणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा. आणि बाबांचं पॅन कार्ड घाईनं रद्द करू नका. शेवटचा रिफंड, शेवटचा फरकाचा हप्ता, ठेवींची नावबदली हे सगळं होईपर्यंत ते लागतं. पेन्शनच्या पीपीओची प्रत, मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती आणि ते पॅन एका पिशवीत ठेवा. आणि ती पिशवी आईच्या कपाटात असू द्या.